भुयारी मेट्रो स्थानकाचं खोदकाम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रस्त्यावर पत्रे उभे राहिले की सुरुवातीला लोक फटीतून कुतूहलाने आत डोकावतात, नंतर वैतागून विचारतात. दोन्ही वेळचे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. विषय फक्त स्थानकाच्या खड्ड्याचा आहे. गाड्या, तिकिटं, मार्ग यांचा नाही.

बोगदा तर यंत्र जमिनीखालून खणत जातं. मग स्थानकासाठी अख्खा रस्ता का उकरायचा?

बोगदा खणणारं यंत्र, म्हणजे टीबीएम, एकाच मापाचं भोक पाडतं. एका रुळासाठी ते साधारण सहा-साडेसहा मीटर व्यासाचं असतं. त्यात गाडी मावते. फलाट, सरकते जिने, लिफ्ट मावत नाहीत. स्थानकाला वीस-बावीस मीटर रुंदी लागते आणि लांबी बऱ्याचदा दोनशे मीटरच्या पुढे जाते. गाडी जेवढी तेवढा फलाट, शिवाय दोन्ही टोकांना पंखे, वीज उपकेंद्र, पंप, सिग्नलच्या खोल्या. प्रवाशाला जे दिसतं त्याच्या जवळजवळ तेवढंच स्थानक बंद दारांमागे असतं.

एवढी पोकळी करायची सर्वांत सरळ रीत म्हणजे वरून खड्डा घेणं, आत बांधणं आणि वरून झाकून टाकणं. लंडनमध्ये १८६३ साली जगातली पहिली भुयारी रेल्वे सुरू झाली ती अशीच, रस्ता उकरून. कोलकात्यात १९८४ साली भारतातली पहिली मेट्रो धावली, तिचाही मार्ग मुख्यतः असाच खोदलेला होता. या रीतीला ‘कट अँड कव्हर’ म्हणतात. दीडशे वर्षांत यंत्रं बदलली, कल्पना तीच राहिली.

पत्रे लागून आठ महिने झाले, आत खड्डा दिसत नाही. काम बंद पडलंय का?

बहुधा नाही. खोदण्याआधी जमिनीखालचा संसार हलवावा लागतो, आणि तो वरून दिसत नाही. पाण्याच्या वाहिन्या, गटारं, विजेच्या केबल, गॅसच्या नळ्या, टेलिफोनच्या तारा. नकाशात वाहिनी पदपथाखाली दाखवलेली असते आणि सापडते रस्त्याच्या मधोमध. म्हणून आधी हातांनी, कुदळ-फावड्याने चाचणी चर घेतात. यंत्राने घेतला तर वाहिनी सापडते खरी, पण फुटलेली.

सगळ्यात हट्टी असतं गटार. केबल वाकवता येते, पाण्याची नळी दाबावर असल्याने वर-खाली वळवता येते. गटार मात्र उतारावरच वाहतं. ते बाजूला घ्यायचं तर पुढच्या-मागच्या उताराचा हिशोब बसवावा लागतो आणि त्यापायी कधी स्थानकाचं छतच खाली न्यावं लागतं. लंडनच्या त्या पहिल्याच कामात, १८६२ साली, फ्लीट नदीचं गटार फुटून खोदकामात घुसलं होतं. दक्षिण कोरियातल्या देगू शहरात २८ एप्रिल १९९५ रोजी घडलं ते कितीतरी भीषण. शेजारच्या दुसऱ्या एका कामात गॅसची नळी भोसकली गेली, गॅस झिरपत मेट्रोच्या झाकलेल्या खड्ड्यात साचला आणि स्फोट झाला. १०१ माणसं गेली. तेव्हा या आठ महिन्यांची घाई करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

खड्डा खणायच्या आधीच भिंत बांधतात म्हणे. ते कसं शक्य आहे?

शक्य आहे, आणि सगळी गंमत त्यातच आहे.

जमिनीतली प्रत्येक ढेकूळ शेजारच्या ढेकळीला टेकून उभी असते. तुम्ही मधली माती काढता तेव्हा बाजूच्या मातीचा टेकू काढता. टेकू काढून मग भिंत बांधायला गेलात तर तोवर बाजूचा रस्ता खड्ड्यात आलेला असतो. म्हणून टेकू आधी, माती नंतर. या पानावरच्या निम्म्या प्रश्नांचं उत्तर या एका क्रमात आहे.

स्थानकाच्या कडेने आधी उथळ, काँक्रीटची मार्गदर्शक भिंत करतात. तिच्यामधून क्रेनला टांगलेला मोठा जबडा खाली सोडून अरुंद चर खणतात. चराची रुंदी साधारण ८० सेंटिमीटर ते दीड मीटर, एका तुकड्याची लांबी तीन ते सहा मीटर, खोली मात्र तीस-चाळीस मीटर. या चरात सळयांचा अजस्र पिंजरा उतरवतात आणि तळापासून वर काँक्रीट भरत आणतात. एक तुकडा झाला की पुढचा. असे तुकडे जोडत स्थानकाभोवती चौकोन पुरा झाला की त्या भिंतीला डायाफ्राम वॉल म्हणतात; साइटवर सगळे नुसतं डी-वॉल म्हणतात. मिलान शहराने आपली पहिली मेट्रो मार्गिका अशा भिंतींनी बांधली. ती १९६४ साली सुरू झाली आणि पुढे ही रीत ‘मिलान पद्धत’ म्हणूनच ओळखली गेली.

चाळीस मीटर खोल, एक मीटर रुंद चर कोसळत का नाही?

कारण तो कधीच रिकामा नसतो. त्यात बेंटोनाइट नावाच्या चिकणमातीची राबडी भरलेली असते. ही माती पाणी पिऊन फुगते. राबडीची पातळी भोवतालच्या भूजलापेक्षा मीटर-दीड मीटर वर ठेवतात, त्यामुळे ती सतत बाहेरच्या बाजूला दाब देते. चराच्या कडेतून थोडं पाणी मातीत शिरतं, मागे बेंटोनाइटचा पातळ लेप राहतो, आणि त्या लेपावर दाब टेकतो. फुग्याच्या आत हवा टेकते तसंच काहीसं.

जबडा त्या राबडीतच बुडी मारून माती काढतो. काँक्रीट भरतानाही राबडी आधी उपसत नाहीत. तळापर्यंत एक नळी सोडतात, तिला ट्रेमी म्हणतात. नळीतून आलेलं जड काँक्रीट खाली बसतं, हलकी राबडी वर ढकलली जाते, वरून ती पंपाने खेचून, गाळ काढून, पुढच्या चरासाठी परत वापरतात. ट्रेमीचं तोंड काँक्रीटमध्ये पक्कं बुडालेलं राहिलं पाहिजे. मध्येच ते वर निघालं तर राबडी काँक्रीटमध्ये मिसळते आणि भिंतीत पोकळ, मऊ जागा राहते. ती जागा त्या दिवशी दिसत नाही. सहा महिन्यांनी खड्डा तिथपर्यंत पोचला की पाण्याची धार बनून दिसते.

रात्री दोन वाजता काँक्रीटच्या गाड्यांची रांग का लागते, याचंही उत्तर इथेच. एक तुकडा एकदा भरायला घेतला की थांबता येत नाही.

सगळीकडे हीच भिंत लागते का?

नाही. जमीन कोरडी आणि बरी असेल तर लोखंडी खांब ठोकून मधे फळ्या किंवा काँक्रीट लावत खाली जातात. एकमेकांत घुसलेल्या गोल खांबांची रांगही करतात, तिला सेकंट पाइल म्हणतात. कातळ वर असेल तर भिंत कातळापर्यंतच आणि खाली नुसते बोल्ट. डी-वॉल महाग आहे, तिच्यासाठी यंत्रसामग्रीला जागाही फार लागते. पण पाणी आणि शेजारी इमारती एकाच वेळी असतील तर तिला चांगला पर्याय क्वचितच सापडतो.

खड्ड्यात आडव्या टाकलेल्या त्या जाड लोखंडी नळ्या कशासाठी?

त्या स्ट्रट. दोन समोरासमोरच्या भिंती आत झुकू पाहतात आणि नळी त्यांना एकमेकींविरुद्ध तोलून धरते. चारेक मीटर खणायचं, नळ्यांची एक रांग बसवायची, पुन्हा चारेक मीटर. वीस मीटरच्या खड्ड्यात अशा चार-पाच रांगा सहज होतात. नळी नुसती अडकवून भागत नाही. बसवतानाच जॅकने तिच्यात दाब भरतात, म्हणजे भिंत सरकायच्या आधीच नळी कामाला लागते.

या नळ्यांवर खरोखर किती भार येतो हे नुसत्या गणिताने सांगता येत नव्हतं. कार्ल टर्झागी आणि राल्फ पेक या अभियंत्यांच्या जोडीने १९४० च्या सुमारास शिकागोच्या भुयारी रेल्वेच्या खोदकामात प्रत्यक्ष मोजमापं घेतली. त्यातून निघालेले ठोकताळे आजही अभियंत्यांच्या हाताशी असतात. त्यात एक भर माझी: उन्हाकडे लक्ष ठेवा. दुपारी लोखंड तापून लांबतं, पण लांबायला जागा नसते, म्हणून नळीतला भार वाढतो. एकाच नळीचं सकाळचं आणि दुपारचं माप वेगळं येतं. नवा माणूस ते पाहून घाबरतो. जुना माणूस कधी कधी घाबरायचं विसरतो, आणि ते जास्त वाईट.

सिंगापूरमध्ये २० एप्रिल २००४ रोजी निकोल हायवेला लागून चाललेला मेट्रोचा तीसेक मीटर खोल खड्डा कोसळला, चार जणांचा जीव गेला, महामार्गाचा तुकडा खचला. चौकशीत दोष निघाला तो नळी आणि भिंतीकडची आडवी तुळई यांच्या सांध्यात. सांधा हवा तेवढा भक्कम आखलेलाच नव्हता. तो चेपला, भार शेजारच्या सांध्यावर गेला, तोही चेपला. भिंत सरकत असल्याची मापं त्याआधीच येत होती. नळी कितीही जाड असो, ती तिच्या टोकाइतकीच मजबूत.

काही ठिकाणी आधी छत बांधतात आणि मग खाली खणतात. उलटं काम कशाला?

रस्ता लवकर परत द्यायला. भिंती झाल्या की थोडंसं खणून मातीवरच छताचा स्लॅब ओततात. तो पुरेसा पक्का झाला की वर माती, डांबर, वाहतूक. छताला ठेवलेल्या भोकांतून माती काढत खाली जायचं, मग मधला मजला, मग तळ. प्रत्येक स्लॅब भिंतींना आतून तोलतो, त्यामुळे नळ्या कमी लागतात आणि भिंतीही कमी हलतात. मधल्या काळात छत पेलायला लोखंडी खांब खड्ड्याआधीच खोल पाइलमध्ये, म्हणजे जमिनीत खोलवर ओतलेल्या काँक्रीटच्या खांबांत, रोवलेले असतात.

तोटाही आहेच. छताखाली उंची कमी, उजेड नाही, धूर कोंडतो, माती दोन-तीन भोकांतूनच बाहेर येते. काम हळू चालतं. मोकळी जागा असेल तर मी सरळ तळापर्यंत खणून खालून वर बांधत येणं पसंत करीन. अरुंद, गजबजलेल्या रस्त्यावर मात्र छत आधी.

खड्ड्यात पाणी येत असेल ना? उपसून टाकायचं, त्यात काय अवघड?

खोदकामातला हा सगळ्यात फसवा प्रश्न आहे. खड्ड्यातलं पाणी उपसणं अवघड नाही. खड्ड्याबाहेरचं पाणी जागच्या जागी ठेवणं अवघड आहे.

मातीच्या कणांमध्ये पाणी असतं आणि वरच्या वजनाचा काही भाग ते पाणी पेलतं. पाणी काढलं की तो भार कणांवर येतो, कण एकमेकांत दाटतात, जमीन बसते. मऊ चिखलात हे दूरवर, महिनोन्‌महिने चालू राहतं. तुम्ही खड्डा कोरडा केला म्हणून खुश असता आणि शंभर मीटरवरच्या घराच्या पायऱ्या भिंतीपासून सुटत असतात. म्हणून आतलं पाणी काढताना बाहेरची पातळी निरीक्षण विहिरींत रोज मोजतात, आणि ती उतरू लागली तर बाहेरच्या विहिरींतून पाणी परत जमिनीत सोडतात. इकडून उपसायचं, तिकडून भरायचं. वेडेपणा वाटतो, पण तसं करावं लागतं.

दुसरा धोका तळाचा. आत कोरडं आणि बाहेर पाणी उभं, अशा वेळी पाणी भिंतीखालून वळसा घालून वर यायला बघतं. वाळू असेल तर तळातून उमाळे फुटतात, वाळू उकळल्यासारखी वर येते, आणि भिंतीच्या पायाखालचा आधारच निघून जातो. मऊ चिकणमातीत पाणी नाही, तर माती स्वतःच तळातून फुगून वर येते. उपाय एकच: भिंत खड्ड्याच्या तळापेक्षा बरीच खाली न्यायची, जमलं तर पाणी न सोडणाऱ्या थरात रोवायची. तसा थर नसेल तर दाबाने सिमेंट मिसळून तळाखाली कृत्रिम बूच बनवतात.

तिसरा धोका आधी सांगितलेल्या मऊ जागेचा. ॲमस्टरडॅममध्ये २००८ साली फायझलग्राख्त स्थानकाच्या डी-वॉलमधून दोनदा पाणी-वाळू आत घुसली आणि शेजारची जुनी विणकरांची घरं खचली. ती बोटांनी नव्हे, वितीने मोजावीत इतकी. ३ मार्च २००९ ला कोलोन शहरात मेट्रोच्या खड्ड्याशेजारची ऐतिहासिक कागदपत्रांच्या संग्रहालयाची इमारतच कोसळली. दोन तरुणांचा मृत्यू झाला, शतकांची दप्तरं ढिगाऱ्यात गेली. तपासात भिंतीच्या एका तुकड्यातला दोष समोर आला. चर खणताना वाटेत दगड आला होता, त्याच्या खालची माती नीट निघालीच नाही आणि तिथे काँक्रीट पोचलं नाही. काही वर्षांनंतर त्या जागेतून पाणी आणि वाळू आत आली.

जमीन गोठवतात हे खरं का?

खरं. जमिनीत नळ्या घालून त्यांतून अतिथंड खारं पाणी किंवा द्रव नायट्रोजन फिरवतात. मातीतल्या पाण्याचा बर्फ होतो आणि ओली वाळू काही काळ दगडासारखी होते. पॅरिसमध्ये सीन नदीकाठच्या सेंट-मिशेल स्थानकाजवळ विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातच हे केलं होतं. वीज खूप खातं, वेळही. म्हणून अख्ख्या स्थानकासाठी नाही, अवघड सांध्यापुरतं.

पूर्ण झालेलं स्थानक पाण्यावर तरंगू शकतं?

शकतं, आणि त्याचा हिशोब करावाच लागतो. रिकामी घागर हौदात दाबून धरा, हात काढला की वर उसळते. स्थानक म्हणजे तीच घागर.

एक सोपा आकडा घेऊ. २२० मीटर लांब, २२ मीटर रुंद स्थानक, तळ २० मीटर खाली, भूजल जमिनीखाली एक मीटरवर. तळाच्या प्रत्येक चौरस मीटरवर पाणी खालून १९ टनांनी ढकलतं. एकूण सुमारे ९२ हजार टन. विरुद्ध बाजूला काय आहे? दीड मीटर जाडीचा तळाचा स्लॅब चौरस मीटरला पावणेचार टन. मधला मजला आणि छत मिळून आणखी तेवढंच. छतावर तीन मीटर माती असेल तर पाच-साडेपाच टन. बेरीज तेराच्या आसपास येते. उरलेलं बाजूच्या भिंतींचं वजन आणि मातीशी असलेलं त्यांचं घर्षण सांभाळतं. तेही कमी पडलं तर तळाखाली ओढ सहन करणारे पाइल घालून स्थानक खाली बांधून ठेवतात.

नाजूक काळ असतो तो तळाचा स्लॅब झाला आणि वरचं वजन आलं नाही, त्या दरम्यानचा. तेव्हा पंप बंद पडून चालत नाही. म्हणून जनरेटर दोन, आणि दुसरा खरोखर चालतो का हे दर आठवड्याला बघायचं.

कातळ लागला तर बरं की वाईट?

दोन्ही. कातळ स्वतः उभा राहतो, भिंत स्वस्तात होते. पण तो फोडायचा कसा? ब्रेकरने दिवसभर ठोकत राहायचं किंवा सुरुंग लावायचे. लोकांना सुरुंगाची भीती वाटते आणि ब्रेकरची सवय होते. मला विचाराल तर महिनाभर कानाशी चाललेल्या ब्रेकरपेक्षा दिवसातून एक-दोनदा, वेळ सांगून उडवलेला सुरुंग शेजाऱ्यांना सोपा जातो.

शहरातला सुरुंग खाणीतल्यासारखा नसतो. भोकं जवळजवळ, प्रत्येकात दारू थोडी, आणि सगळी एकदम उडत नाहीत. काही मिलिसेकंदांच्या अंतराने एकेक उडतात. एका क्षणी किती दारू फुटली यावर हादरा ठरतो, एकूण किती यावर नाही. वरून जड जाळ्या आणि रबरी चटया टाकतात. इमारतीच्या पायथ्याशी कंपनमापक असतो, तो जमिनीच्या कणांचा वेग मिलिमीटर प्रति सेकंदात मोजतो. जुन्या, कच्च्या इमारतीला मर्यादा कमी, नव्या काँक्रीटच्या इमारतीला जास्त. माणसाला मात्र त्या मर्यादेच्या कितीतरी खालचा हादराही चांगलाच जाणवतो. म्हणून “घर हललं” हे खरं असतं आणि “घराला काही झालं नाही” हेही बहुतेक वेळा खरं असतं.

जिथे स्फोट मुळीच चालणार नाही तिथे भोकांत फुगणारी रासायनिक भुकटी भरून कातळाला रात्रभरात तडे पाडतात. आवाज शून्य, वेग जवळजवळ शून्य.

रस्ता अजिबात न उकरता स्थानक खणता येत नाही का?

येतं. एका बाजूला खोल विहीर घ्यायची, तिच्यातून आडवं शिरून आतल्या आत गुहा कोरायची. थोडं फोडायचं, मलबा काढायचा, उघड्या पृष्ठावर लगेच काँक्रीटचा फवारा मारायचा, बोल्ट ठोकायचे, छत किती दबतंय ते मोजायचं, मग पुढचा टप्पा. कातळालाच कमान बनवून त्याचा भार त्यालाच पेलायला लावायचा ही कल्पना. ऑस्ट्रियाचे अभियंता राबसेविझ यांनी १९६० च्या दशकात तिला नाव दिलं, नाटम, म्हणजे बोगद्यांची नवी ऑस्ट्रियन पद्धत. न्यूयॉर्कच्या सेकंड अव्हेन्यू मार्गाची ७२ आणि ८६ क्रमांकाच्या रस्त्यांखालची स्थानकं अशीच कातळात कोरलेली आहेत. तो टप्पा २०१७ च्या पहिल्या दिवशी सुरू झाला. स्टॉकहोममध्ये तर कोरलेला खडक झाकलाच नाही. फवाऱ्याच्या काँक्रीटवर रंग दिला आणि प्रवासी गुहेतच गाडीची वाट बघतात.

पण खडक चांगला हवा, निदान जमिनीने काही तास तरी स्वतःला पेलायला हवं. लंडनच्या हीथ्रो विमानतळाखाली ऑक्टोबर १९९४ मध्ये चिकणमातीत याच रीतीने चाललेले बोगदे कोसळले. सुदैवाने कुणी दगावलं नाही. या पद्धतीत मोजमाप हाच अर्धा आराखडा असतो, ते वाचणारा आणि काम थांबवायचा अधिकार असलेला माणूस रोज हजर हवा.

आमच्या इमारतीला तडे जातील का?

जमीन थोडी तरी बसणारच. “शून्य हालचाल” असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. चांगल्या जमिनीत, नीट केलेल्या कामात भिंत खड्ड्याच्या खोलीच्या साधारण ०.२ टक्के सरकते. म्हणजे २० मीटरला ४ सेंटिमीटर, आणि शेजारची जमीन सहसा त्याहून थोडी कमी बसते. मऊ मातीत हे आकडे वाढतात. परिणाम खड्ड्यापासून खोलीच्या दुप्पट-तिप्पट अंतरापर्यंत जाणवू शकतो, दूर जाताना झपाट्याने कमी होत.

इमारत सगळीकडे सारखी बसली तर तिला फारसं कळत नाही. एक कोपरा बसला आणि दुसरा जागेवर राहिला की तडा. त्यामुळे अर्धी इमारत जुनी, अर्धी नंतर जोडलेली, दोन्हींचे पाये वेगळे, अशी घरं आधी तपासतात. खोदकामाच्या आधी प्रत्येक इमारतीची पाहणी होते, असलेल्या तड्यांचे फोटो निघतात. या पाहणीला दार उघडा. आधीचा तडा आणि नंतरचा तडा यातला वाद त्या फोटोंवरच मिटतो, आणि तो कागद तुमच्याही कामाचा असतो.

भिंतीवर चिकटवलेले चकाकते छोटे आरसे, तड्यावर बसवलेली काचेची पट्टी, फुटपाथवरचे पितळी खिळे ही सगळी त्या मोजमापाची साधनं. लेबलं ओढू नका, आरशासमोर फलक टांगू नका. भिंतीच्या आत वाकण मोजणारी नळी असते, मातीत पाण्याचा दाब मोजणारं यंत्र, स्ट्रटवर भारमापक. प्रत्येक मापाला दोन-तीन पायऱ्या ठरलेल्या असतात. पहिलीला लक्ष वाढवायचं, दुसरीला उपाय करायचा, शेवटचीला काम थांबवायचं.

उपायही असतात. लंडनच्या वेस्टमिन्स्टर स्थानकाचा खड्डा ३९ मीटर खोल होता आणि शेजारी बिग बेनचा मनोरा. मनोरा खड्ड्याकडे झुकू लागेल हे गणिताने आधीच दाखवलं होतं. म्हणून त्याच्या पायाखाली आडव्या नळ्या घालून ठेवल्या आणि काम चालू असताना लागेल तेव्हा, लागेल तिथे, थोडं थोडं सिमेंटचं मिश्रण दाबून जमीन उचलून धरली. मनोरा मर्यादेत राहिला, स्थानक १९९९ साली उघडलं.

एवढी माती जाते कुठे?

वरचाच खड्डा घ्या. २२० गुणिले २२ गुणिले २०, म्हणजे सुमारे ९७ हजार घनमीटर. माती मोकळी झाली की फुगते. तीस टक्के धरले तर सव्वा लाखाच्या वर. एका डंपरमध्ये १० घनमीटर म्हटलं तर साडेबारा हजार खेपा, एका स्थानकाच्या. शहरात अवजड गाड्यांना दिवसा मनाई असते, म्हणून त्या रात्री धावतात. खड्ड्याचा वेग यंत्रांवर कमी आणि डंपरच्या रांगेवर जास्त अवलंबून असतो.

चांगला कातळ खडी होऊन परत बांधकामात येतो, मुरूम भरावाला जातो. बेंटोनाइट लागलेला चिखल आणि जुन्या कारखान्यांखालची दूषित माती वेगळी ठेवावी लागते. लंडनच्या क्रॉसरेल या रेल्वे प्रकल्पाने तीस लाख टनांहून जास्त माती वॉलसी बेटावर नेली आणि तिथे पक्ष्यांसाठी पाणथळ जागा उभी राहिली. बहुतेक मातीचं नशीब इतकं चांगलं नसतं.

खणताना जुनं काही सापडलं तर?

काम थांबतं आणि पुरातत्त्ववाले येतात. इस्तंबूलच्या येनिकापी इथे २००४ पासून चाललेल्या उत्खननात बायझंटाइन काळातल्या बंदरासह ३७ जहाजांचे अवशेष निघाले. ग्रीसमधल्या थेसालोनिकीत व्हेनिझेलू स्थानकाच्या जागी प्राचीन शहराचा संगमरवरी रस्ताच सापडला. तो हलवून पुन्हा स्थानकात बसवायचा की जागीच ठेवायचा यावर वर्षानुवर्षं वाद झाला; २००६ मध्ये बांधायला घेतलेली मेट्रो ३० नोव्हेंबर २०२४ ला धावली. रोममध्ये सॅन जिओव्हानी स्थानकात उतरताना प्रत्येक पातळीवर त्या-त्या काळातल्या सापडलेल्या वस्तू मांडल्या आहेत.

जुन्या शहरात हे घडणारच, मग ते वेळापत्रकात आधीच का धरू नये, हा माझा जुनाच प्रश्न. बोगदा या थरांच्या खालून निसटतो. स्थानकाला ते सगळे ओलांडूनच खाली जावं लागतं.

टीबीएम आधी येतं की स्थानक आधी होतं?

आदर्श क्रमात स्थानकाचा खड्डा आधी तयार असतो, टीबीएम एका भिंतीतून आत येतं, तळावरून ओढून दुसऱ्या टोकाला नेतात आणि ते पुढे खणू लागतं. ज्या जागी ते भिंत फोडणार तिथे लोखंडी सळयांऐवजी काचतंतूंच्या सळया घालतात; यंत्राचे दात त्या सहज कापतात. स्थानक रखडलं तर यंत्र थांबत नाही, आधीच पार होतं, आणि मग खड्डा खाली पोचल्यावर बोगद्याच्या अस्तराची नवी काँक्रीटची कडी फोडून काढावी लागतात. बांधलेलं तोडायचं, दुसरं काय.

इतकं खोल कशाला? थोडं वर घेतलं तर जिने तरी कमी होतील.

बोगद्याच्या डोक्यावर साधारण त्याच्या व्यासाएवढी तरी जमीन असावी लागते, शिवाय वर गटारं, पुलांचे पाये, कधी आधीची मेट्रो. युक्रेनमधल्या कीव्हचं आर्सेनाल्ना स्थानक १०५.५ मीटर खोल आहे, कारण ते नदीकाठच्या टेकडीच्या पोटात आहे. जमेल तिथे स्थानक दोन्हीकडच्या बोगद्यांपेक्षा किंचित उंचावर ठेवतात: येणारी गाडी चढावर आपोआप मंदावते, निघताना उतार वेग देतो.

रस्ता पहिल्यासारखा कधी होणार?

छतावर पाण्यापासून बचाव करणारा पडदा चढतो, मग वीस-तीस सेंटिमीटरच्या थरांनी माती भरून प्रत्येक थर दाबतात. दहा थर एकदम टाकून रोलर फिरवला तर पुढच्या पावसात तिथेच खळगा पडतो, आणि तसे खळगे तुम्ही पाहिलेले असतील. नंतर हलवलेल्या वाहिन्या काही जागेवर परत येतात, काही नव्या जागीच राहतात. डांबर होतं, वाहतूक सुरू होते. प्रवेशद्वारं, हवेचे झरोके आणि लिफ्टच्या खोल्या मात्र रस्त्याच्या कडेला शेवटपर्यंत चालू राहतात, त्यामुळे पदपथावरचे पत्रे सगळ्यात उशिरा निघतात.